शेवटचा फोटो, टचिंग न करता

नाना, तुमची गंधमुक्ती नीट पार पडली. माणसं भरपूर आली, साक्रीकडची तर गाडी भरून आली. सगळ्यांच्या कपाळाला गंध लागलं, सुतक फिटलं, पंगती उठल्या, मंडपवाला खुर्च्या घेऊन गेला, आणि मी आज स्टुडिओचं शटर अर्धंच वर करून बसले आहे. पूर्ण उघडलं तर गिऱ्हाईक येईल आणि त्याच्याशी बोलावं लागेल. तुम्ही असतात तर वाकून आत शिरला असतात आणि म्हणाला असतात, "काय गं, ब्यूटी पार्लर बंद आज?" माझ्या स्टुडिओला तुम्ही दुसऱ्या नावानं कधी हाक मारलीच नाही.

लोकांनी तुमचा फोटो पाहिला. खुर्चीवर पांढरं कापड, त्यावर तुम्ही, गळ्यात झेंडूचा हार. छान हसताय त्यात. "नाना अगदी असेच होते," असं जो तो म्हणत होता आणि मी मान डोलावत होते. मला घाम फुटला होता आणि तो काही उन्हाचा नव्हता. तुम्ही सांगून ठेवलेला फोटो तो नव्हता, नाना. मांडवात एवढी माणसं होती, पण हे तुमच्याबरोबर जन्म काढलेल्या अक्कांना आणि मलाच माहीत होतं.

तुम्हाला ठाऊक असलेलंच आधी पुन्हा सांगते. ते सांगितल्याशिवाय पुढचं माझ्या तोंडून निघणार नाही.

जळगावात माझं नाव आहे ते टचिंगसाठी. वडिलांनी मला निगेटिव्हवर बारीक पेन्सिलनं चेहरे सुधारायला शिकवलं, आता तेच मी माऊसनं करते. डोळ्यांखालचं काळं, गळ्याच्या घड्या, केळीच्या बागेत उन्हानं रापलेली कपाळं, सगळं साफ. आई-वडील गेल्यापासून खाली स्टुडिओ आणि वर मी एकटी, असा संसार. आणि तुम्ही रिटायर झालेले चित्रकलेचे मास्तर. पेन्शन सुरू झाल्यावर माणसं तीर्थयात्रेला जातात, तुम्ही कॅमेरा गळ्यात अडकवून एसटीनं पहूर, मुक्ताईनगर, पार साक्रीपर्यंत म्हातारी माणसं शोधत फिरायला लागलात. लग्न नाही, बारसं नाही, देऊळ नाही. फक्त म्हातारी माणसं. दाराशी बसलेली, लेकाच्या घरी आणून ठेवलेली, अजून शेतात जाणारी, जाता येत नाही म्हणून बांधाकडे बघत बसणारी. प्रिंट मात्र माझ्याकडून काढून घ्यायचात आणि वर दम द्यायचात, की एकाही सुरकुतीला हात लावलास तर बघ.

एकदा एक गृहस्थ त्यांच्या आईचा फोटो घेऊन आले होते. आई नुकतीच गेली होती. भिंतीवर लावायचा म्हणून सुरकुत्या कमी करून हव्या होत्या. तुम्ही कोपऱ्यात चहा पीत बसला होतात, तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं. तरी म्हणालात, "एवढं सगळं काढल्यावर खाली आई उरेल का?" तो माणूस फोटो उचलून निघून गेला. मी तुमच्यावर किती चिडले होते, आठवतं? तुमचं म्हणणं, त्या बाईनं एवढं वय सोसून काढलं, ते पुसलं तर तिनं ते फुकटच काढलं. माझं म्हणणं, तुम्हाला बोलायला सोपं आहे. तुम्ही चेहरा काढता आणि संध्याकाळची गाडी पकडता. भिंतीवर तो चेहरा रोज बघायचा असतो घरातल्यांना. माणसाचं शेवटचं वर्ष एवढं मोठं होऊन बसतं, की त्याच्या मागे आधीची सगळी वर्षं दिसेनाशी होतात. हा वाद आपण इतकी वर्षं घातला, की शेवटी शेवटी तुम्ही नुसतं "हं, म्हण तुझं" म्हणायचात आणि मी माझं म्हणून टाकायचे.

तरीही तुमच्याबरोबर मी फिरले. खेड्यातल्या बायका तुम्हाला बघून पदर पुढे ओढायच्या, म्हणून तुम्हाला सोबत बाईमाणूस हवं असायचं. आणि खरं सांगायचं तर मला ते फिरणं आवडायचं. साक्रीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याच्या गावात बनाबाई भेटल्या तो दिवस तर मी कधीच विसरणार नाही. त्या अंगणात मोहाची फुलं निवडत बसल्या होत्या. तुम्ही त्यांचे हात काढलेत, भेगाळलेले पाय काढलेत, चेहरा काढलात. त्यांचं निवडणं चालूच होतं. आपण गूळ-पाणी घेऊन निघालो.

पुढच्या आठवड्यात प्रिंट द्यायला गेलो तर अंगण माणसांनी भरलेलं. लेक सुरतेहून कारखान्यातून रजा टाकून आलेले, लेकी सासरहून आलेल्या. बनाबाई आत खाटेवर, नवं लुगडं नेसून, डोळे आढ्याला लावून. अन्न सोडलेलं. थोरल्या लेकानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, डॉक्टर नेमकं काय म्हणाले. मला कळेना कुठला डॉक्टर. मग उलगडा झाला. त्या गावात म्हाताऱ्या माणसाचा फोटो एकदाच काढतात. आता फार दिवस नाहीत असं दिसलं की घरचे फोटोवाल्याला बोलावतात, भिंतीवर लावायला. तुम्ही आपल्या पायांनी, कुणी न बोलावता, शहरातून त्यांच्यासाठी आलात म्हटल्यावर सगळे धरूनच चालले होते, की कुणीतरी तुम्हाला पाठवलंय आणि आपल्यापासून लपवतंय.

"तू फोटू काढा, माले समजी गयं," बनाबाई तुम्हाला म्हणाल्या. "मनी येळ उनी."

तुमचा चेहरा पांढरा पडला होता, नाना. मीही घाबरले. आपल्यामुळे एक जिवंत बाई, वेळ आली म्हणून, मरणाला टेकली होती. समजावून काही उपयोग नव्हता, लेक समजावून थकले होते. तुम्ही सरळ खाटेच्या कडेला बसलात, कॅमेरा माझ्या हातात दिलात आणि त्यांना म्हणालात, की माझाही काढून घेऊ, दोघं जोडीनं जाऊ. बनाबाईंनी तुम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू कसाले येस? तुना तोंडमा अजून दात शेत," असं म्हणाल्या. तुम्ही कवळी काढून तळहातावर ठेवलीत. आधी त्यांची नात हसली, मग लेकी, मग खुद्द बनाबाई, पोट धरून. थोड्या वेळानं त्यांनी भाकरी मागितली. परवा त्यांच्या गावची माणसं आली होती, त्यांना मी विचारलं. अजून मोहाची फुलं निवडतात म्हणे. तुम्ही मात्र गेलात, आणि कुणाला हे त्यांना सांगायचा धीर होत नाहीये.

परतताना धुळ्यापर्यंत तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. मग म्हणालात, की दुसऱ्यांचं म्हातारपण काढत फिरलो, आपलं झाकून ठेवलं, ही चोरी झाली. आता माझं तू काढायचं. मी म्हटलं, मी टचिंगवाली. म्हणालात, "म्हणूनच तू. काय झाकायचं ते तुला बरोबर कळतं, म्हणजे काय दाखवायचं तेही कळेल." तेव्हापासून दर रविवारी मी तुमच्या घरी यायला लागले. गोळ्यांचा डबा, न्हाव्यापुढे धरलेली मान, चपलेत पाय घालताना भिंतीला टेकवलेला हात, दवाखान्यातून आल्यावर पोटऱ्यांवरचं सैल कातडं. तुम्ही बोलत राहायचात, मी काढत राहायचे. मी दिसले की तुम्ही चेष्टा सुरू करायचात, त्यामुळे सगळ्या फोटोंत हसताय.

आणि त्यातल्याच एका रविवारी, ओट्यावर शेजारीपाजारी बसलेले असताना, तुम्ही फर्मान काढलंत. "माझ्या गंधमुक्तीला शेवटचा काढलेला फोटो लावायचा. टचिंग न करता. नाहीतर मी जेवायला येणार नाही." अक्का आतूनच म्हणाल्या, आलात तरी तुमचं पान मांडतंय कोण. सगळे हसले. पण ते अक्कांच्या मनात पक्कं बसलं होतं, हे मला नंतर कळलं.

मग तो रविवार. अक्का दळण आणायला गिरणीत गेल्या होत्या. तुम्ही पलंगावर बसून सदऱ्याची बटणं लावायचा प्रयत्न करत होतात आणि वरचं बटण काही काजात जाईना. मी पुढे झाले तर म्हणालात, राहू दे, काढ. मी कॅमेरा उचलला. तुम्ही बटण सोडून दिलंत आणि सरळ भिंगात बघितलंत. चेष्टा नाही, हसू नाही, काहीच नाही. मी फोटो काढला आणि कॅमेरा खाली घेतला.

"दिसली का?" तुम्ही विचारलंत.

"काय?"

"भीती."

मी हो म्हटलं. खोटं बोलायला सुचलंच नाही. तुम्ही म्हणालात, "मग चांगला आला असेल. पण हा अक्काला दाखवू नको. तिनं मला घाबरलेलं कधी बघितलं नाही." तेवढ्यात फाटक वाजलं आणि अक्का पिठाचा डबा घेऊन आत येईपर्यंत तुमचं तोंड पुन्हा नेहमीचं झालं होतं. पुढचा रविवार उजाडलाच नाही.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. हे मी तुम्हाला तोंडावर म्हणायला हवं होतं. जन्मभर लोकांच्या आयांच्या सुरकुत्यांसाठी माझ्याशी भांडलात आणि स्वतःवर आली तेव्हा म्हणालात, झाक. आणि झाकायचंही सांगितलंत ते अशा फोटोबद्दल, की जो तुमच्याच हुकमाप्रमाणे मांडवात लावायचा होता. शेवटचा फोटो लावा, आणि शेवटचा फोटो दाखवू नको. माझ्या पदरात दोन्ही टाकून तुम्ही मोकळे झालात.

गंधमुक्तीच्या आदल्या दिवशी दुपारी अक्कांचा फोन आला. शेवटचा कुठला तो काढून ठेव, फ्रेमवाल्याकडे मीच नेते, त्यांनी सांगितलं होतं तसाच पाहिजे. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. त्याच्या आधीच्या रविवारचा हसरा फोटो होता. तोच शेवटचा आहे असं सांगितलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण मग तुमचा एक शब्द मोडतो. खरा दिला तर दुसरा मोडतो. वरून वीज जाऊन आली, यूपीएस टॅव टॅव ओरडून गप्प झाला आणि मी ती फाइल उघडून बसले.

नाना, मी तुमचं टचिंग केलं. सांगूनच टाकते. दोन्हीच्या मधली वाट काढावी असं वाटलं. भुवया किंचित खाली घेतल्या. ओठांचा एक कोपरा जरासा वर. डोळ्यांत थोडा उजेड. माझ्या हाताला हे काम इतकं सवयीचं आहे, की फार वेळ लागला नाही. भीती गेली. पडद्यावर एक शांत, समाधानी म्हातारा बसला होता, देवळातल्या वर्गणीदारांच्या फोटोत शोभेल असा. त्याला मी ओळखत नव्हते. मला रडू फुटलं आणि मी जे जे केलं होतं ते सगळं मागे घेतलं. तुम्ही परत आलात, उघड्या बटणाचे, घाबरलेले. मग त्या चेहऱ्याकडे बघून मलाच भीती वाटायला लागली. तुमची म्हणून नाही, माझी. माझाही पायऱ्या चढताना हल्ली कठड्याला हात जातो.

तेवढ्यात शटरखालून अक्का आत आल्या. फ्रेमवाला लवकर बंद करतो म्हणून थांबले नाही, असं काहीतरी म्हणाल्या. मी पडदा बंद करायला गेले, पण माऊस सापडेना. अक्कांनी चष्मा लावला होता.

मी घाईघाईनं म्हटलं, हा नाही अक्का, हा चुकून उघडला, तुमचा वेगळा आहे. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. स्टूल ओढून पडद्यासमोर बसल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं आता त्या कोसळतील, पाणी आणायला उठू की इथेच थांबू, काही सुचेना.

मग त्या बोलायला लागल्या, अगदी साध्या आवाजात, घरातलं सांगावं तसं. म्हणाल्या, माणूस पालीला घाबरायचा, शाळा तपासायला साहेब यायचा त्याला घाबरायचा, ढगांच्या गडगडाटाला घाबरायचा, आणि समजायचा मला माहीत नाही. शेवटी शेवटी त्या तुमच्या खोलीत येण्याआधी स्वयंपाकघरात मुद्दाम भांडं वाजवायच्या. म्हणजे तुम्हाला तोंड आवरून घ्यायला वेळ मिळावा. दाराच्या फटीतून आधी हा चेहरा दिसायचा, भांडं वाजलं की हसरा व्हायचा, आणि मग त्या आत यायच्या. रोज. फटीतून दिसायचा तो अर्धाच, म्हणाल्या. असा समोरून आज पहिल्यांदा बघते आहे.

नाना, तुम्हाला वाटत होतं तुम्ही अक्कांना सांभाळताय.

मी त्यांना सगळं सांगितलं. तुम्ही काय म्हणाला होतात, दाखवू नको म्हणून कशी गळ घातली होती, आणि तरी मांडवात लावायचा हुकूमही तुमचाच होता. आता तुम्हीच सांगा अक्का, म्हटलं, कुठला देऊ. नाना, इतकी वर्षं आपण दोघं भांडलो, दाखवायचं की झाकायचं. अक्कांना दोन्हींत काडीचा रस नव्हता. त्यांनी पडद्याकडे बोट केलं.

"हाऊ मना शे. लोकेसले दुसरा दे."

मी लोकांसाठी हसऱ्या फोटोची मोठी प्रिंट काढली, फ्रेमसाठी. आणि त्यांच्यासाठी पडद्यावरच्या फोटोची एकच, पासपोर्ट साईजची, टचिंग न करता. ती त्यांनी चष्म्याच्या घरात ठेवली आणि घर कमरेला खोचलं. निघताना पडद्याकडे बघून विचारलं, हा आता यात राहील का. मी म्हटलं, पुसेपर्यंत राहील. त्या जागच्या हलल्या नाहीत. मग मी तो कॉम्प्युटरवरून पुसला, कॅमेऱ्याच्या कार्डावरूनही पुसला. तुम्ही असतात तर माझा गळा धरला असतात. तुमच्या-माझ्या सगळ्या फोटोंत तो सर्वांत चांगला होता. तो दाखवला असता तर कुठल्याही जाणकारानं उभं राहून बघितला असता. तरी पुसून टाकताना वाईट वाटलं नाही, आणि याचं मला अजून नवल वाटतंय.

मांडवात लोक त्या हसऱ्या फोटोला नमस्कार करत होते तेव्हा अक्का समोर बसल्या होत्या. त्यांनी फोटोकडे एकदाही बघितलं नाही. हात मात्र सारखा कमरेपाशी जात होता.

तुमची खोकी माझ्याकडेच आहेत. सगळी म्हातारी माणसं, बनाबाईंसकट. एकेक काढून बघते आणि धास्तावते, की यातलं आता कोण आहे आणि कोण नाही, आणि या प्रिंट मी कुणाकुणाच्या घरी पोचवू. पण ते करेन, तुम्ही काळजी करू नका. तुमचे आभार मानायचे राहिले, तेही मानते. तुमच्यामुळे मी एक चेहरा तरी आहे तसा काढला.

राहिलं ते एवढंच. तुमची भीती बघायला मी होते, आणि दाराच्या फटीपाशी अक्का होत्या. माझ्या वरच्या खोलीला एकच दार आहे आणि त्याच्या बाहेर भांडं वाजवणारं कुणी नाही. माझ्या तोंडावर ती भीती येईल तेव्हा मी कोणाकडे बघू, नाना?